कर्ता कोण? : धर्मसंस्था, बालसंरक्षण आणि निवाड्यांची भाषा

‘संस्थेने बालकांचे रक्षण केले नाही’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्यात कर्ता आहे, क्रियापद आहे, आणि ज्यांचे रक्षण व्हावयास हवे होते त्या बालकांचा निर्देशही आहे. परंतु हेच वाक्य वादपत्रात लिहून न्यायालयापुढे ठेवले की त्याचा पहिलाच शब्द डळमळू लागतो. ही संस्था म्हणजे कोण? तिच्यावर समन्स कोणत्या नावाने बजावावयाचे? बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या संदर्भात धर्मसंस्थांना कायद्यापुढे आणण्याचे जे प्रयत्न आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड व कॅनडा या देशांत झाले, त्यांचा इतिहास पुष्कळ अंशी या एका प्रश्नाचा इतिहास आहे. चौकशी-आयोगांचे अहवाल आणि न्यायालयांचे निवाडे हे सामान्यतः विधिज्ञांच्या अभ्यासाचे विषय मानले जातात. तथापि जेथे सारा वाद एखाद्या नामाच्या अर्थावर, क्रियापदाच्या काळावर किंवा विभक्तीच्या निवडीवर येऊन ठेपतो, तेथे भाषेच्या अभ्यासकाला अलिप्त राहता येणार नाही.

या विषयावरील सर्वांत विस्तृत दस्तऐवज ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनचा होय. न्यायमूर्ती पीटर मॅक्लेलन यांच्या अध्यक्षतेखाली जानेवारी २०१३ मध्ये स्थापन झालेल्या या आयोगाने डिसेंबर २०१७ मध्ये सतरा खंडांचा अंतिम अहवाल सादर केला. सत्तावन्न प्रकरणांची जाहीर चौकशी, आठ हजारांहून अधिक व्यक्तींची एकांतात ऐकून घेतलेली निवेदने आणि एकंदर ४०९ शिफारशी असा त्याचा व्याप आहे. मे २०१७ अखेरपर्यंत ज्या ६,८७५ पीडितांनी आयोगापुढे एकांतात निवेदन केले, त्यांपैकी ४,०२९ जणांनी अत्याचार धर्मसंस्थेत झाल्याचे सांगितले. यांत कॅथलिक संस्थांचा वाटा सर्वांत मोठा होता, हे खरे. पण प्रश्न एका पंथापुरता नव्हता. ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाच्या ऑस्ट्रेलियातील दप्तरात १९५० पासून १,००६ सभासदांवरील आरोपांची नोंद आढळली आणि त्यांपैकी एकही प्रकरण पंथाने स्वतः होऊन पोलिसांकडे नेलेले नव्हते. न्यू साउथ वेल्समधील मँग्रोव्ह माउंटन येथील सत्यानंद योगाश्रम हाही आयोगाच्या एका स्वतंत्र चौकशीचा विषय झाला. हा आश्रम ज्या परंपरेचा, तिचे मूळ पीठ बिहारमध्ये मुंगेर येथे आहे. भारतीय वाचकाने या साऱ्या प्रकरणाकडे ‘परक्यांचा दोष’ म्हणून पाहण्याचे कारण नाही, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

आयोगाच्या नावापासूनच भाषिक विवेचनाला आरंभ करता येतो. त्या नावाचे मराठी रूप ‘बालकांवरील लैंगिक अत्याचाराला संस्थांनी दिलेल्या प्रतिसादाची चौकशी’ असे काहीसे होईल. येथे ‘अत्याचार’ हे भाववाचक नाम कर्त्यावाचून उभे आहे. संस्था कर्ता आहे ती फक्त ‘प्रतिसाद’ या क्रियेची. जणू अत्याचार हा पर्जन्यासारखा कोठून तरी आला आणि संस्थेने छत्री उघडली की नाही, एवढाच प्रश्न उरला. अहवाल वाचताना मात्र आयोगाने या नावाची मर्यादा ओलांडल्याचे दिसते. संस्थेची रचना, तिची बदल्यांची पद्धत, तिची गुप्तता यांनी अत्याचाराला अवसर कसा मिळवून दिला हे त्याने पानोपानी दाखवले आहे. नाव संकुचित आणि ग्रंथ विशाल, असा हा प्रकार आहे.

ऑस्ट्रेलियात कर्त्याचा प्रश्न निर्णायक रीतीने उपस्थित झाला तो एलिस खटल्यात. या खटल्यातील वादी लहानपणी सिडनीच्या बास हिल या भागातील धर्मग्रामात वेदीसेवक होता. १९७४ ते १९७९ या काळात तेथील सहायक धर्मगुरूने आपल्यावर अत्याचार केले, अशी त्याची तक्रार होती. तो धर्मगुरू पुढे मरण पावला; तेव्हा दावा कोणावर लावावयाचा? वादीने दोन नावे पुढे केली. एक, सिडनीचे तत्कालीन आर्चबिशप. दुसरे, १९३६ च्या एका अधिनियमान्वये महाधर्मप्रांताची मालमत्ता ज्यांच्या नावावर आहे ते विश्वस्त मंडळ. न्यू साउथ वेल्सच्या अपील न्यायालयाने मे २००७ मध्ये दोन्ही नावे अमान्य केली. चर्च हा एक अनोंदित समुदाय. एखाद्या हौशी मंडळाप्रमाणे त्यालाही स्वतंत्र विधिक अस्तित्व नाही, म्हणून त्याच्यावर दावा लागत नाही. विश्वस्त मंडळाला अस्तित्व आहे, पण ते केवळ मालमत्तेचे धारक आहे; धर्मगुरूंची नेमणूक वा देखरेख त्याच्याकडे नाही. आणि आर्चबिशप हे पद म्हणजे अखंड चालणारा एकल निगम नसल्याने पूर्वाधिकाऱ्याच्या काळातील गोष्टींचे दायित्व उत्तराधिकाऱ्याकडे येत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (हे त्या देशाचे सर्वोच्च न्यायालय) पुढील अपिलास अनुमती नाकारली. ‘एलिस बचाव’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून तेथील विधिव्यवहारात रूढ झाला.

आपल्याकडील शाब्दबोधाच्या परिभाषेत हा निवाडा फार थोडक्यात सांगता येतो. वाक्यार्थ सिद्ध होण्यासाठी पदांमध्ये आकांक्षा, योग्यता व सन्निधी असावी लागतात. ‘विश्वस्त मंडळाने धर्मगुरू नेमला’ या वाक्यात न्यायालयाला योग्यता आढळली नाही. ‘विश्वस्त मंडळाने जमीन विकत घेतली’, ‘इमारत भाड्याने दिली’, ‘विमा उतरवला’ ही वाक्ये निर्दोष. पण ‘नेमले’, ‘पाठवले’, ‘कानाडोळा केला’ ही क्रियापदे त्या कर्त्याशी जुळत नाहीत. उलट ज्या ‘चर्च’ या नामाशी ती जुळतात, त्याला कायद्याच्या कोशात नोंदच नाही. एकाच संस्थेची क्रियापदे अशी दोन नामांत वाटली गेली: धनाची सर्व क्रियापदे एका नामाकडे आणि माणसांची सर्व क्रियापदे दुसऱ्याकडे. न्यायाधीशांनी येथे लबाडी केली असे म्हणता येणार नाही. त्यांनी कायद्याचे व्याकरण यथातथ्य चालवले. दोष असलाच तर तो अशा व्याकरणाचा, ज्यात मालकी सांगणारे वाक्य रचता येते आणि उत्तरदायित्व सांगणारे रचता येत नाही.

या खटल्याची रॉयल कमिशनने पुढे स्वतंत्र चौकशी केली. तीत उघड झालेली एक गोष्ट भाषेच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. चर्चच्याच अंतर्गत प्रक्रियेत नेमलेल्या पाहणी करणाऱ्या तज्ज्ञाने वादीची तक्रार संभाव्यतेच्या कसोटीवर खरी ठरवली होती. तरीही न्यायालयात चर्चच्या वकिलांनी अत्याचार झाल्याचे मान्य केले नाही. म्हणजे एकाच वक्त्याच्या तोंडी दोन विधाने: सांत्वनाच्या दालनात स्वीकार आणि न्यायालयाच्या दालनात नकार. वक्ता एकच आहे असे मानले तर हा वदतोव्याघात होय. परंतु वक्ता एकच आहे काय, हाच तर मूळ प्रश्न होता. ‘चर्च’ या नामाला कायम अर्थ नसल्याने या विसंगतीची जबाबदारीही कोणावर पडली नाही.

सिडनीचे माजी आर्चबिशप कार्डिनल जॉर्ज पेल यांनी ऑगस्ट २०१४ मध्ये रोमहून दूरचित्रसंवादाद्वारे आयोगापुढे साक्ष देताना एक दृष्टान्त योजला. मालवाहतूक करणाऱ्या कंपनीच्या चालकाने वाटेत एखाद्या स्त्रीला गाडीत घेऊन तिच्याशी गैरवर्तन केले, आणि तसे करणे कंपनीच्या धोरणाविरुद्ध असले, तर कंपनीच्या प्रमुखांना त्याबद्दल जबाबदार धरणे उचित नव्हे, असा त्याचा आशय होता. या दृष्टान्ताने त्या वेळी मोठा क्षोभ उसळला. क्षोभ बाजूला ठेवून केवळ दृष्टान्त म्हणून त्याची परीक्षा केली तरी तो टिकत नाही. दृष्टान्तात बिंब आणि प्रतिबिंब यांचे साधर्म्य मर्मस्थानी असावे लागते. मालवाहू गाडीच्या चालकाचे काम माल पोचवण्याचे. वाटेत भेटलेल्या व्यक्तीचा विश्वास संपादन करणे हे त्याच्या कामात येत नाही. धर्मगुरूचे काम मात्र नेमके विश्वास संपादन करण्याचे आहे. घरात जाणे, मुलांशी बोलणे, आईबापांच्या अनुपस्थितीतही मूल ज्याच्या स्वाधीन निश्चिंतपणे करावे असा माणूस होणे, यासाठीच त्याला पाठवलेले असते. दृष्टान्तातील चालकाने आपले काम सोडून अपराध केला. अशा धर्मगुरूने आपल्या कामाच्या आधारेच तो केला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये एका बालगृहाच्या खटल्यात हाच भेद कसोटी म्हणून स्वीकारला होता: संस्थेने सोपवलेल्या कामामुळे अपकृत्याचा धोका वस्तुतः वाढला काय, असा प्रश्न त्या न्यायालयाने विचारला.

आता प्रयोगविचाराकडे वळता येईल. व्हिक्टोरिया राज्यातील बॅलाराट धर्मप्रांतात सप्टेंबर १९८२ मध्ये बिशपांच्या सल्लागार मंडळाची एक बैठक झाली. मॉर्टलेक या गावच्या धर्मगुरूने ते धर्मग्राम सोडणे आवश्यक झाले आहे असे बिशपांनी कळवल्याची नोंद तिच्या इतिवृत्तात आहे. या धर्मगुरूवर पुढे अनेक बालकांवरील अत्याचारांचे गुन्हे न्यायालयात शाबीत झाले. ‘आवश्यक झाले’ या क्रियापदाला कर्ता नाही आणि कारणही नाही. कोणाला आवश्यक झाले, कशामुळे झाले, या दोन्ही आकांक्षा वाक्याने अतृप्त ठेवल्या. रॉयल कमिशनला पुढे याच वाक्याभोवती फार मोठा साक्षीपुरावा घ्यावा लागला. बैठकीस उपस्थित असलेल्यांना कारण ठाऊक होते की नव्हते, हा वाद त्या वाक्याच्या रिकाम्या जागेतून निघाला होता.

येथे मराठी व्याकरणाचा एक विशेष नोंदवणे अप्रस्तुत ठरू नये. इंग्रजी कर्मणी रचनेत कर्ता सहज गळतो, म्हणून तिकडील टीकाकार ‘कर्मणी प्रयोग टाळा’ असा सरसकट उपदेश करतात. मराठीत ‘बिशपांनी बदली केली’ हा कर्मणी प्रयोगच आहे, पण त्यात कर्ता तृतीयेत सुखरूप उभा असतो. मराठीत कर्त्याचा लोप होतो तो निराळ्या रचनेत: ‘बदली करण्यात आली’. सरकारी कचेऱ्यांच्या मराठीत या रचनेचा सुळसुळाट किती आहे हे सांगावयास नको. परदेशी धर्मसंस्थांच्या इतिवृत्तांचा अनुवाद करावयाचा झाल्यास मराठीला त्यासाठी नवी परिभाषा घडवावी लागणार नाही. ती जिल्हा कचेरीत तयार आहे.

याहून सूक्ष्म अशी गोष्ट कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या विधिसंहितेत आढळते. १९८३ च्या संहितेत बालकाशी धर्मगुरूने केलेल्या लैंगिक अपराधाचे वर्णन ‘अल्पवयीनासह सहाव्या आज्ञेविरुद्ध केलेला अपराध’ अशा आशयाच्या शब्दांत होते. लॅटिन मूळात ‘कुम्’ हे सहार्थवाचक अव्यय आहे; त्याचे मराठी प्रतिरूप म्हणजे सहार्थी तृतीया, ‘सह’ किंवा ‘बरोबर’. या रचनेत अपराध कोणाविरुद्ध घडला? आज्ञेविरुद्ध. बालक तेथे पीडित म्हणून येत नाही. जणू अपराधातील सोबती म्हणून येते. शिवाय हे कलम धर्मगुरूंच्या विशेष कर्तव्यांच्या भंगाविषयीच्या विभागात, म्हणजे ब्रह्मचर्यभंगाच्या शेजारी घातलेले होते. ज्या संस्थेने अपराधाचे असे वाक्य रचले, तिला त्यात धर्मगुरूचे अधःपतन दिसले व बालकाची इजा दिसली नाही, यात नवल नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सुधारलेली संहिता अंमलात आली तेव्हा हे कलम मानवी जीवन, प्रतिष्ठा व स्वातंत्र्य यांविरुद्धच्या अपराधांच्या विभागात हलवण्यात आले. ही सुधारणा मोठी आहे. वर्गीकरण बदलणे म्हणजे अर्थ बदलणे होय. तरीही कलमाच्या वाक्यात ‘आज्ञेविरुद्ध’ आणि ‘अल्पवयीनासह’ हे दोन्ही शब्द तसेच राहिले. शीर्षकाने बालकाला न्याय दिला, विभक्तीने अद्याप दिलेला नाही.

डब्लिन महाधर्मप्रांताविषयी नोव्हेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला आयरिश चौकशी-आयोगाचा अहवाल न्यायमूर्ती मर्फी यांच्या नावाने ओळखला जातो. १९७५ ते २००४ या काळातील सेहेचाळीस धर्मगुरूंची प्रकरणे नमुन्यादाखल घेऊन त्याने तपासणी केली. त्यातील एक प्रसंग क्रियापदाच्या काळाचा आहे. नुकसानभरपाईसाठी महाधर्मप्रांताचा निधी वापरला काय, या पत्रकारांच्या प्रश्नाला कार्डिनल डेझमंड कॉनेल यांनी तसा निधी वापरला जात नाही, असे उत्तर दिले होते. वस्तुतः एका धर्मगुरूला अशा भरपाईसाठी पूर्वी त्याच निधीतून कर्ज दिलेले होते. पुढे त्यांनी पीडितापाशी केलेला खुलासा असा, की आपण वर्तमानकाळ वापरला होता. भूतकाळात वापरला गेला नव्हता असे आपण म्हटलेच नव्हते. चर्चच्या नीतिशास्त्रात या युक्तीला ‘मनोगत राखून बोलणे’ अशा अर्थाचे नाव आहे, व तिचे विवरण कार्डिनलांनी आयोगापुढेही केले. शब्द खोटा नसावा, पण श्रोत्याची समजूत खोटी व्हावी, असे हे तंत्र आहे. महाभारतातील अश्वत्थाम्याच्या मृत्यूची वार्ता सांगताना धर्मराजाने हेच केले, आणि तोवर भूमीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, अशी कथा आहे. त्या कथेच्या कर्त्याने अशा वाक्याचा निवाडा श्रोत्याच्या समजुतीवरून केला. वाक्याचा अर्थ वक्त्याच्या मनात न शोधता श्रोत्याच्या ठिकाणी होणाऱ्या बोधात शोधणाऱ्या शास्त्रालाही याच निष्कर्षावर यावे लागेल.

त्याच अहवालातील एक लहानशी नोंद मात्र सर्व शब्दच्छलापेक्षा बोलकी आहे. महाधर्मप्रांताने १९८७ मध्ये अशा दाव्यांपोटी येऊ शकणाऱ्या खर्चाचा विमा उतरवला होता. ‘आम्हांला या समस्येची जाणीव हळूहळू होत गेली’ या आशयाच्या बचावाशी ही नोंद विसंगत आहे, असे आयोगाने दाखवून दिले. ज्याला धोका ठाऊक नाही तो विमा उतरवत नाही.

कायद्याने या कर्तृलोपावर उपाय शोधला तो २०१८ मध्ये. व्हिक्टोरिया व न्यू साउथ वेल्स या दोन्ही राज्यांनी रॉयल कमिशनच्या शिफारशींना अनुसरून अधिनियम केले. अनोंदित संस्थेने बालकांवरील अत्याचाराच्या दाव्यासाठी एक योग्य प्रतिवादी नामनिर्दिष्ट करावा, आणि तिने तसे न केल्यास तिच्याशी संलग्न असलेल्या विश्वस्तनिधीच्या धारकांवर दावा चालवता यावा, असे त्यांचे सार आहे. त्याआधी व्हिक्टोरियात २०१५ मध्ये व न्यू साउथ वेल्समध्ये २०१६ मध्ये अशा दाव्यांची मुदतमर्यादाही काढून टाकण्यात आली होती. भाषेच्या अंगाने पाहता हे अधिनियम अपूर्व आहेत. कायद्याने येथे संस्थेला असे बजावले, की तुझे नाव सांगणे हे तुझे कर्तव्य आहे. एलिस खटल्यात जी जागा रिकामी होती ती आता भरली गेली.

पण कर्ता सापडल्याने वाक्य पुरे होत नाही. कर्ता आणि कृत्य यांना जोडणारा संबंध लागतो. बर्ड विरुद्ध डीपी या खटल्यात हे स्पष्ट झाले. १९७१ मध्ये पोर्ट फेरी येथील सहायक धर्मगुरूने पाच वर्षांच्या मुलावर त्याच्या आईबापांच्या घरी अत्याचार केल्याचा हा दावा होता. नव्या अधिनियमानुसार बॅलाराटचे बिशप धर्मप्रांताच्या वतीने प्रतिवादी म्हणून उभे राहिले. खालच्या दोन्ही न्यायालयांनी धर्मप्रांतावर प्रातिनिधिक दायित्व, म्हणजे दुसऱ्याच्या कृत्याबद्दल येणारे दायित्व, असल्याचे ठरवले. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी हायकोर्टाने हा निर्णय फिरवला. असे दायित्व नोकरीच्या नात्यातूनच निर्माण होते. धर्मगुरू हा धर्मप्रांताचा नोकर नव्हता. आणि ही मर्यादा ओलांडून दायित्वाचा विस्तार करणे हे विधिमंडळाचे काम आहे, असा त्याचा आशय आहे.

इंग्लंडने याच ठिकाणी वेगळा मार्ग धरला होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ख्रिस्ती बंधूंच्या एका संघाविषयी असे म्हटले, की व्रतबद्ध बंधू आणि संघ यांचे नाते कराराचे नसले तरी ते नोकरीसदृश आहे. किंबहुना आज्ञापालनाच्या व्रतामुळे ते नोकरीहूनही घट्ट आहे. मीमांसेच्या भाषेत हा अतिदेश होय: एका ठिकाणी सांगितलेला धर्म सादृश्याच्या बळावर दुसऱ्या ठिकाणी नेणे. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने अतिदेश नाकारला आणि शब्दाचा वाच्यार्थ राखला. शब्दाची शिस्त म्हणून पाहिले तर हा नकार अगदीच चुकीचा नाही. ‘नोकर’ हा शब्द प्रत्येक नव्या प्रसंगी ताणत नेला तर अखेर त्याला अर्थ उरणार नाही, ही भीती साधार आहे. तथापि निवाड्याची खरी उणीव अन्यत्र आहे. ‘नोकर’ या शब्दावर लक्ष केंद्रित झाल्याने ‘पाठवणे’ या क्रियापदाचा विचार मागे पडला. पाणिनीने स्वतंत्र असेल तो कर्ता असे लक्षण सांगितले आणि लगेच त्याला प्रवृत्त करणाऱ्या प्रयोजकालाही हेतू या संज्ञेबरोबर कर्ता ही संज्ञा दिली. वेतन देणारा तो प्रयोजक, असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. ज्याच्या आज्ञेने धर्मगुरू गावात येतो, ज्याच्या आज्ञेने जातो, ज्याने दिलेल्या वस्त्रामुळे दार उघडले जाते, तो त्या प्रवेशाचा प्रयोजक आहे. अत्याचाराचा प्रयोजक तो नव्हे, हे उघड आहे आणि तसे कोणी म्हणतही नाही. दावा एवढाच, की प्रवेशाच्या परिणामांतून त्याने अंग काढून घेऊ नये. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये न्यूफाउंडलंडच्या एका प्रकरणात बिशपच्या पदावर हे दायित्व ठेवले. तेथे बिशप हा एकल निगम असल्याने कर्त्याचा शोध घ्यावा लागला नाही, आणि न्यायालयाला संबंधाकडे सरळ पाहता आले.

हायकोर्टाने ज्या विधिमंडळाकडे बोट दाखवले, त्यापैकी व्हिक्टोरियाच्या विधिमंडळाने असा एक विस्तार आधीच केलेला होता, ही यातील विचित्र गोष्ट आहे. २०१७ च्या जुलैपासून अंमलात आलेल्या तेथील अधिनियमात संस्थेशी ‘संलग्न व्यक्ती’ अशी संज्ञा असून तीत धर्मोपदेशकाचा स्पष्ट समावेश आहे. अत्याचार झाल्यास आपण वाजवी काळजी घेतली होती हे शाबीत करण्याचा भारही संस्थेवर टाकलेला आहे. परंतु हा नियम त्या तारखेनंतरच्या अत्याचारांनाच लागू होतो. रॉयल कमिशनच्या पाहणीनुसार पीडिताला आपल्यावरील अत्याचार प्रथम उच्चारण्यास सरासरी २३.९ वर्षे लागली. हे मान लक्षात घेतले तर या उत्तम नियमाचा सरासरी लाभार्थी २०४१ च्या सुमारास बोलू लागेल. कायदा भविष्यकाळात लिहिला गेला आणि पीडित भूतकाळात राहिले.

या सर्व प्रयत्नांवर दोन आक्षेप गंभीरपणे घेतले जातात. पहिला असा, की भरपाईचा पैसा अखेर भाविकांच्या दानातून जातो, आणि त्यांचा काही अपराध नाही. या आक्षेपात सत्यांश आहे. पण ज्या क्षणी दान संस्थेचे धन होते त्या क्षणी ते संस्थेच्या ऋणालाही बांधले जाते, हा नियम शाळा, रुग्णालये, नगरपालिका या सर्वांना लागू असताना धर्मसंस्थेलाच अपवाद कशासाठी, याचे उत्तर आक्षेप देत नाही. दुसरा आक्षेप धर्मस्वातंत्र्याचा असून तो विशेषतः पापनिवेदनाच्या गुप्ततेबाबत घेतला जातो. व्हिक्टोरियाने फेब्रुवारी २०२० पासून बालकांवरील अत्याचाराची खबर देण्याचे बंधन धर्मोपदेशकांवर घातले, आणि पापनिवेदनात कळलेल्या गोष्टीलाही त्यातून सूट दिली नाही. गुप्ततेचे बंधन धर्मगुरूच्या दृष्टीने सर्वोच्च आहे याविषयी शंका नाही. या नियमाने प्रत्यक्षात किती बालके वाचतील याविषयीही मतभेद संभवतात, कारण जो बोलणार तो कायदा ठाऊक असल्यास बोलेलच असे नाही. येथे नियमाचे प्रयोजन त्याच्या परिणामापेक्षा त्याच्या अर्थात अधिक आहे: धर्मगुरूही ‘कोणतीही व्यक्ती’ या पदाच्या कक्षेत येतो, असे राज्याने प्रथमच निःसंदिग्ध शब्दांत म्हटले.

भारतीय कायद्याची स्थिती या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखी आहे. कर्त्याच्या नावाची अडचण येथे त्या स्वरूपात नाही. देवतेच्या मूर्तीला विधिक व्यक्तित्व असल्याचे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये मान्य केले, आणि महाराष्ट्रात १९५० च्या अधिनियमाखाली सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थांची नोंदणी होते. मालमत्तेचे वाद चालवण्यासाठी घडलेली ही नावे बालकाच्या दाव्यात कितपत उपयोगी पडतील, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ याने धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील वा सेवेतील व्यक्तीने त्या संस्थेत बालकावर केलेला अत्याचार अधिक गंभीर वर्गात घातला आहे. त्याच अधिनियमाच्या एकविसाव्या कलमात, कोणत्याही नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा प्रभारी आपल्या नियंत्रणाखालील दुय्यम व्यक्तीच्या अपराधाची खबर देण्यात चुकला, तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास व दंड सांगितला आहे. सामान्य व्यक्तीला हीच शिक्षा सहा महिन्यांपर्यंत आहे. ‘कोणत्याही नावाने ओळखली जाणारी’ हे शब्द एलिस बचावाला आधीच दिलेले उत्तर वाटावेत इतके समर्पक आहेत. शिवाय ‘नोकर’ या शब्दाऐवजी ‘नियंत्रणाखालील’ हा शब्द योजल्याने २०२४ च्या ऑस्ट्रेलियन निवाड्यातील अडचणही येथे उद्भवत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील आदिवासी मुलींच्या वसतिगृहासंबंधीच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खबर न देणे हा किरकोळ दोष नसून गंभीर अपराध आहे असे सांगितले. ते प्रकरण धर्मसंस्थेचे नव्हते, आणि त्यात खबर न दिल्याचा आरोप एका वैद्यावर होता. परंतु त्यातील तत्त्व सर्वांना लागू आहे.

तरीही या कलमाचा कर्ता ‘प्रभारी व्यक्ती’ आहे, संस्था नाही. मठाचा व्यवस्थापक तुरुंगात गेला तरी मठ जसाच्या तसा राहील, आणि पीडित बालकाला मठाच्या धनातून काही मिळावयाचे झाल्यास त्याला सामान्य दिवाणी कायद्याचा आधार शोधावा लागेल. दायित्वाचे गुन्हेगारी आणि दिवाणी असे दोन प्रयोग आहेत. भारतीय विधिमंडळाने त्यांतील पहिला पुष्कळ काळजीने रचला आहे. दुसऱ्याचे वाक्य अद्याप लिहिले गेलेले नाही, आणि ते लिहिताना ‘संस्था’ हे पद प्रथमेत ठेवावयाचे की षष्ठीत, ‘संस्था जबाबदार राहील’ असे म्हणावयाचे की ‘संस्थेचा प्रभारी जबाबदार राहील’ असे, याचा निर्णय मसुदा करणाऱ्याला पहिल्याच ओळीत घ्यावा लागणार आहे.